तो कोपरा धर

ऑपरेशन होऊन वर्ष झालं तरी घरात मला कुणी दुधाचा कॅनसुद्धा उचलू देत नव्हतं. कॅन्सर गेला, डॉक्टरीणबाईंनी हवं ते कर म्हणून सांगितलं, पण नवरा आणि मुलगी ऐकतील तर शपथ! मी नुसता हात पुढे केला की दोघं धावलेच. प्रेम आहे, कळतं हो मला. पण माणसाची शोभेची वस्तू करून ठेवली की जीव नकोसा होतो. म्हणून या उन्हाळ्यात मीच फर्मान काढलं: कॅम्पिंगला जायचं आणि माझी सॅक मीच उचलणार.

आमच्या गावाहून, पामर्स्टन नॉर्थहून निघालो आणि डेझर्ट रोड नावाच्या हमरस्त्याला लागलो. वाळवंट म्हणायचं, पण इथे पाऊसही पडतो नि बर्फही. एका अंगाला बीच नावाच्या उंच झाडांचं गच्च रान, दुसऱ्या अंगाला ज्वालामुखीची काळी रेती, तिच्यात पिवळ्या गवताचे झुबके. गाडी लावून पुढे चढाची पायवाट होती. अर्ध्या वाटेत पाठीवरच्या सॅकने मला धाप लागली.

"आई, गिव्ह इट टू मी," मुलगी म्हणाली.

"हात लावून बघ!" मी खेकसले.

"अगं, हट्ट कशाला?" नवरा म्हणाला. बसले, पाणी प्यायले, उठले आणि चालू लागले.

वर पोचल्यावर नवऱ्याने मला एका दगडावर बसवलं आणि गुडघ्यांवर शाल टाकली. शाल! रागाने डोळ्यांत पाणी आलं. एवढं चढून येऊन पुन्हा तेच.

तंबू अर्धा उभा झाला आणि वारा सुटला. रेतीत खुंट्या टिकेनात. एक ठोकावी तर दुसरी उपटून येई. कापड फडफडायला लागलं, आणि नवरा एकदम माझ्यावर ओरडला, "अगं, बघत काय बसलीयेस? तो कोपरा धर की!"

वर्षभरात तो पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला होता. इतका आनंद झाला म्हणून सांगू! शाल फेकून धावले. कोपऱ्याची दोरी धरली, टाचा रेतीत रोवल्या. ऑपरेशनच्या बाजूचा हात ठणकत होता, पण सोडली नाही. मुलीने दगड आणून खुंट्यांवर रचले, तेव्हा कुठे तंबू उभा राहिला.

मग त्याला ऑपरेशनची आठवण झाली. चेहरा उतरला बिचाऱ्याचा.

"सॉरी गं. दुखलं का?"

"दुखलं. आता सॉरी परत घे आणि पुढचं काम सांग."

त्याने सामानातून पाण्याचे दोन रिकामे कॅन काढून माझ्यासमोर ठेवले. मग म्हणाला, "जा, ओढ्यावरून पाणी आण. दोन्ही कॅन भरून आण."