उतारावरचे आडवे बांध

१२ जूनला मी मुकादमाला ७४० रुपये मोजून दिले, तेही एकाच कामासाठी चौथ्यांदा. माझ्या डोंगरावरची झाडे तोडून झाली होती. पावसात माती वाहून जाऊ नये म्हणून ट्रकच्या कच्च्या रस्त्यावर त्याने आडवे बांध घातले होते. पण उरलेले ओंडके न्यायला येणारा ट्रकवाला, म्हणजे त्याच्याच बहिणीचा नवरा, दर खेपेला ते फावड्याने सपाट करी.

"दाजी, पायथ्याशी घर तुमचंच आहे ना?" मुकादम कपाळाला हात लावून विचारी.

"बांधांवर आदळून गाडीचे पाटे मोडले तर तू भरून देणार का?"

१३ जूनच्या सकाळच्या खेपेत दाजींनी चौथ्यांदा घातलेले बांधही सपाट केले. त्याच दुपारी पाऊस कोसळला आणि गाळ थेट दाजींच्या स्वयंपाकघरात शिरला. मुकादम धावत पोचला, तेव्हा बहीण डबे वर उचलत होती.

"सपाट करायची भारी हौस ना?" तिने नवऱ्याच्या हातात फावडे कोंबले. "आता घाला बांध. दादा सांगेल तसे."

दाजी फावडे घेऊन मुकादमामागे वर गेले. संध्याकाळपर्यंत दोघांनी बांध घातले आणि उघड्या मातीवर पेंढा पसरला. तो पेंढा मुकादमाने पदरच्या पैशांनी आणला होता. त्याचे १८५ रुपये दाजींकडून अजून येणे आहेत.