घोडेस्वाराच्या कपाळावरची हळद

युनिव्हर्सिटीने मूलनिवासी समाजांशी सलोखा करण्यासाठी एक गट नेमला आणि त्यात विद्यार्थ्यांच्या बाजूने मला घेतलं, तेव्हा आनंदाआधी शंकाच आली. कार्डिफमध्ये माझं दुसरं वर्ष चालू होतं. वर्गात मी फारशी बोलत नसे. मग मलाच का? पहिल्या बैठकीला गेले तर दारातच फोटोग्राफर उभा. मला मधोमध उभं केलं. तेव्हा वाटलं, आता कळलं, मलाच का ते.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. लंडनजवळ इल्फर्डला आई हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम करते, बाबा बस चालवतात. युनिव्हर्सिटीत कुणी फार गोड बोललं की काहीतरी मागणार आहेत असं समजायची सवय मला घरूनच लागलेली. बाबा म्हणतात, "बिस्किट पुढे केलं की आधी फॉर्म कुठे आहे ते बघ."

फॉर्म होताच. युनिव्हर्सिटीच्या संग्रहालयाच्या स्टोअरमध्ये एक सागवानी फळी होती. वर सूर्य-चंद्र कोरलेले, खाली घोड्यावर बसलेला माणूस. पालघरकडच्या डोंगरातल्या एका आदिवासी पाड्यावरून ती कधीकाळी कुणा इंग्रज जंगल-अधिकाऱ्याने उचलून आणली होती. रजिस्टरमध्ये नोंद होती, 'मूर्ती, मुंबई इलाखा'. पाड्यावरच्या एका मुलीने वेबसाइटवर फळीचा फोटो पाहिला, ओळखली आणि पत्र लिहिलं, ही आमची आहे, परत द्या. आता ती आणि तिचे आजोबा युनिव्हर्सिटीच्या खर्चाने येणार होते. फळी द्यायची की नाही हे आमच्या गटाने ठरवायचं होतं, आणि मराठी येतं म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे.

संग्रहालय सांभाळणाऱ्या क्युरेटरबाई माझ्याशी फार चांगल्या वागत. स्टोअरचं दार उघडायचं कार्डही त्यांनीच मला करून दिलं. पण बैठकीत त्या 'परत देणं' म्हणत नसत, 'दीर्घकाळासाठी उसनं देणं' म्हणत. म्हणजे कागदावर मालकी इथेच. मी वहीत त्या शब्दाखाली रेघ मारली. विचारायला मात्र तोंड उघडलं नाही.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी मी आईला फोन केला. फळी खोक्यात, फोममध्ये आडवी पडलेली असते असं सहज सांगितलं.

"देव आडवा ठेवलाय? आणि कोरडा?" आई म्हणाली. "अगं, ती माणसं एवढ्या लांबून येणार. काय वाटेल त्यांना? तुझ्याकडे डबी आहे ना? हळदीकुंकू लाव तेवढं."

"आई, तिथे हात लावायचा नसतो."

"हात कशाला, बोट लाव."

डबी माझ्याकडे होती, पहिल्या वर्षी तिनेच बॅगेत घातलेली. दुपारी स्टोअरमध्ये नोंदी तपासायचं काम होतं. खोकं उघडलं, घोडेस्वाराच्या कपाळावर हळदीचं बोट टेकवलं. कुंकू लावणार तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली म्हणून झाकण लावलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फार बरं वाटलं. या इमारतीत त्याचं कुणीतरी आहे, आणि ती मी आहे, असं वाटलं. युनिव्हर्सिटीच्या प्रत्येक शब्दावर संशय घेणाऱ्या मला रजिस्टरमधल्या 'मूर्ती' या शब्दावर मात्र संशय आला नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. आजोबा बारीक, ताठ, कोटावर मफलर. नात माझ्याच वयाची, आश्रमशाळेत शिकवणारी. तिने आधी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती "हं" म्हणाली. त्या "हं"मध्ये काय होतं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

"तुम्ही कुणाच्या बाजूने बोलणार?" तिने विचारलं.

"मी फक्त दोन्हीकडचं सांगणार."

"पगार त्यांचा ना?"

"पगार नाही. मी विद्यार्थी आहे."

"मग तर आणखीनच," ती म्हणाली.

क्युरेटरबाईंनी त्यांना दहा मिनिटं फळीपाशी एकटं सोडलं. बाहेर आल्यावर आजोबांनी मफलर सारखा केला. मी धीर करून म्हटलं, "देव भेटला ना, आजोबा?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "देव नाय पोरी. माणूस हाय तो. माझ्या आज्याचा भाऊ. झाडावरनं पडून मेला. मेल्यावर त्याला असा बसवायचा असतो घोड्यावर, गावाच्या कडंला. त्याला हात लावायचा तो घरच्यानी. शेंदूर लावायचा तो बी घरच्यानीच."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी उगाचच दुसऱ्या हातात घेतला. 

बुधवारी सकाळी क्युरेटरबाईंचा ईमेल आला, साऱ्या गटाला. फळीवर पिवळा डाग आढळला आहे. लाकूड जुनं आणि सच्छिद्र असल्याने तो निघेल असं दिसत नाही. काल पाहुण्यांना मिळालेल्या खासगी वेळेत त्यांनी धार्मिक विधी केला असावा. त्यांच्या भावनांचा आदर आहेच, परंतु वस्तूच्या सुरक्षिततेचा विचार करता तूर्त उसनं देण्याचाच मार्ग योग्य, आणि तोही जतनाचं प्रशिक्षण झाल्यावर.

ईमेल मी तीन वेळा वाचला. भाषा इतकी सभ्य होती की राग कुठे धरावा कळेना. त्यांना खरंच तसं वाटलं होतं, की निमित्त हवं होतं आणि ते मी आयतं हातात दिलं होतं? आजही मला सांगता येत नाही. एवढं कळलं, की मी गप्प बसले तर कुणालाही माझी शंका येणार नाही. आणि ती फळी इथेच राहील.

मनात सगळे हिशोब आले. कार्ड जाईल. माझ्या फाइलला ठपक्याचं पत्र लागेल. बाबा बसमध्ये ओळखीच्यांना सांगतात, मुलगी युनिव्हर्सिटीच्या कमिटीवर आहे. तरी मी गेस्ट हाउसवर गेले. आजोबा टोस्ट चहात बुडवून खात होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की हळद मी लावली, आळ तुमच्यावर आलाय आणि त्यावरून फळी अडवतायत.

नात ताडकन उठली. "मला वाटलंच होतं. आमचं काहीही दिसलं की तुम्हाला हळदीकुंकूच सुचतं. आमचा माणूस, तुमचा देव. वर आमची कीव!"

 आईने सांगितलं म्हणून, असं म्हणणार होते, पण बोट आईचं नव्हतं.

आजोबा टोस्ट संपेपर्यंत थांबले. "काल बघितली मी हळद," ते म्हणाले. "म्हटलं, गोऱ्या बाईनं लावली का काय. लगीन लावते का त्याचं?" ते एकदम हसले. "बिनलग्नाचा मेला तो. मेल्यावर का होईना, लागली हळद."

"आजोबा, हसू नका," नात म्हणाली. "हिच्यामुळे फळी राहील इथं."

त्यांचं हसू गेलं. "बाईला सांग पोरी. तुझ्या नावावर घे. आमच्या नावावर नको."

"सांगते."

"आमच्यासमोर सांगा," नात म्हणाली. "मागून काय सांगाल, कोण बघायला जातंय?"

तिला माझा भरवसा नव्हता, आणि का असावा?

गुरुवारच्या बैठकीत क्युरेटरबाईंनी डागाचा मुद्दा काढताच मी हात वर केला. गटात आल्यापासून पहिल्यांदाच. आधी इंग्रजीत सांगितलं, मग तेच मराठीत, पाहुण्यांकडे बघून. डाग माझा आहे. सोमवारी दुपारी. स्टोअरच्या दाराला माझं कार्ड कधी लागलं ती वेळ तपासा. नात माझ्या मराठीकडे कान देऊन होती, एखादा शब्द कमी होतोय का म्हणून.

मग मी तयारी न केलेलं एक वाक्य बोलले. "मला ही वस्तू माझी वाटली म्हणून मी हात लावला. आपल्यालाही ती आपली वाटते म्हणूनच आपण 'उसनं देणं' म्हणतोय. प्रशिक्षण द्यायचं तर मला द्या. यांना कशाला?"

 क्युरेटरबाईंचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या, "मी विचारायला हवं होतं. मी गृहीत धरलं." हे मनापासून होतं की बैठकीच्या मिनिट्समध्ये लिहिलं जाणार म्हणून, हा संशय मला तेव्हाही आलाच. पण त्यांनी ईमेलमधलं विधीबद्दलचं वाक्य सर्वांसमोर मागे घेतलं, आणि 'उसनं' हा शब्द ठरावातून काढायला हात वर केला तो त्यांनीच आधी. बाकीचे हात सावकाश वर गेले. फळी परत जाणार होती, मालकीसकट, कुठल्याही अटीशिवाय. माझं कार्ड त्याच दिवशी काढून घेतलं.

ठरावावर सही करण्याआधी नातीने तो पूर्ण वाचून घेतला, माझ्याकडून एकदा आणि फोनवर फोटो पाठवून पाड्यावरच्या कुणाकडून एकदा. त्यात तासभर गेला. कुणी घड्याळ बघितलं की ती मुद्दाम आणखी सावकाश वाचायला लावी. मला ते आवडलं.

शुक्रवारी फळी पॅक करायची होती. आजोबा म्हणाले, त्याआधी आम्हाला त्याच्याशी बोलायचंय, तुम्ही सगळे बाहेर जा. मी वही घेऊन तिथेच थांबले. दुभाषा तर लागणार, असं मनात होतं.

"तू पण," नात म्हणाली. पहिल्यांदाच ती मला 'तू' म्हणाली होती. ते आपुलकीचं होतं की नाही, हे मी ठरवू शकले नाही.

मी बाहेर आले. क्युरेटरबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, हातात टेप आणि बबल रॅप. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. आतून आजोबांचा आवाज येत होता, मधेच नातीचा, मधेच दोघांचं हसणं. त्यांची आपसातली बोली मला अर्धीच कळत होती, पण अर्धी कळत होती.

"काय म्हणतायत?" क्युरेटरबाईंनी हळूच विचारलं.

"ते आपल्यासाठी नाहीये," मी म्हटलं आणि त्यांना घेऊन कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला गेले, जिथे काही ऐकू येत नव्हतं.