पोरींच्या पट्टीवर धान

आमच्या गावापासून करडीच्या शाळेपर्यंतचा रस्ता मी अर्जांत इतक्या वेळा लिहिला आहे की अर्धवट झोपेत उठवलं तरी घडाघडा म्हणून दाखवेन. अरुंद डांबरी रस्ता, रेतीच्या टिप्परची वर्दळ, शाळकरी मुलींच्या जीवितास धोका, तरी बाजूने सायकलींसाठी पट्टी बांधून मिळावी, ही विनंती. खाली माझी सही, सरपंचाचा शिक्का, आणि ज्यांना सही येत नाही अशा आयांचे अंगठे. हे अंगठे घ्यायला मी दुपारी अंगणवाडी सुटल्यावर घरोघर फिरत असे. शाईचा डबा माझाच होता.

मी अंगणवाडी सेविका. गावात मला सगळे 'बाई' म्हणतात, आणि 'बाईले काही काम नाही' असंही म्हणतात. हे दुसरं मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणतात.

रस्ता पूर्वी साधा होता. मग नदीकडून रेती निघू लागली आणि टिप्पर सुरू झाले. सकाळी शाळेच्या वेळेला भरलेले जातात, संध्याकाळी शाळा सुटताना रिकामे परत येतात. रिकामे जास्त वाईट, कारण ते उडत येतात. डांबराची कड जिथे संपते तिथे वीतभर खाली माती आहे, म्हणजे पोरीने सायकल खाली घ्यायची म्हटली तर ती पडणारच. आमच्या गावातल्या सात पोरी या रस्त्याने शाळेत जात. त्यांत माझी एक.

माझी सातवीत असताना तलावाच्या पाळीजवळच्या वळणावर आमच्या गल्लीतली एक पोरगी पडली. टिप्परचा धक्का लागला नव्हता. मागून हॉर्न वाजला, ती दचकून कडेला गेली, चाक खाली घसरलं आणि ती सायकलसकट खोल नालीत गेली. पाय दोन जागी मोडला. माझा नवरा तेव्हा वावरातून परत येत होता. त्यानेच तिला उचलून वर आणलं. घरी आला तेव्हा त्याच्या बनियनला चिखल आणि रक्त होतं, आणि त्याने बराच वेळ हात धुतले. नंतर जेवायला बसला आणि ताटावरून उठून गेला.

ती पोरगी आता थोडी लंगडते. शाळा सुटली ती सुटलीच. पुढच्या आठवड्यात आणखी चौघींच्या सायकली घरात भिंतीला लागल्या. उरल्या दोघी. माझ्या पोरीला नवरा मोटारसायकलने सोडू लागला, पण रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत त्याला वेळ कुठला? त्या दिवसांत ती घरीच. वर्गात तिची हजेरी पाहून मास्तर मला म्हणायचे, पोरगी हुशार आहे, पण येते कधी? मला तोंड वर करायची लाज वाटे.

नवऱ्याने तेव्हाच सांगून टाकलं होतं, "दहावीपर्यंत मी कसंबी नेऊन सोडतो. त्याच्या पुढं रस्ता झाला तं जाईल. नाही झाला तं नाही जाईल. मी उचललो होतो थ्या पोरीले. तू नाही उचललीस."

म्हणून मी अर्ज लिहायला घेतला.

तीन वर्षं खेटे घातले. बांधकामाच्या कार्यालयात एक लाकडी बाक आहे, त्याचा एक पाय लंगडा. कुठल्या टोकाला बसलं की बाक डुगडुगत नाही हे मला माहीत आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. साहेब कधी दौऱ्यावर, कधी मीटिंगमध्ये, कधी बदलून गेलेले. नवा साहेब आला की पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. एकाने विचारलं, "मॅडम, अपघात झाला तर कोणी मेलं का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग प्राधान्यात बसत नाही. मला त्या दिवशी त्याच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्याच्या अंगावर ओतावासा वाटला होता. ओतला नाही. पोच घेतली आणि बस पकडली.

मग एक तरुण अभियंता आला. तो बोलायला तुटक होता, पण मोटारसायकलवर स्वतः येऊन टेप लावून मोजून गेला. पट्टी मंजूर झाली. अर्धी. गावापासून नाल्याच्या पुलापर्यंत. पुलापासून शाळेपर्यंतचा दुसरा टप्पा, ज्यात ते तलावाच्या पाळीचं वळण येतं, तो नंतर.

"साहेब, पोरगी पडली थे वळण त्याच टप्प्यात आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे. पण तिथे जागेचा वाद आहे. आधी इथलं करू. दिवाळीनंतर मी मोका पाहणीला येईन. पोरी वापरतात असं दिसलं की दुसरा टप्पा मी स्वतः वर रेटतो."

उन्हाळ्यात काँक्रीट पडलं. दोन सायकली शेजारून जातील एवढी रुंद, सरळ पट्टी, आणि टिप्परने चाक घालू नये म्हणून रस्त्याच्या बाजूने सिमेंटचे गुडघाभर ठोकळे. ठोकळ्यांची मागणी माझीच होती. गावात तिचं नावच पडलं, पोरींची पट्टी. जूनमध्ये घरी बसलेल्या चौघींपैकी तिघींच्या सायकली पुन्हा बाहेर निघाल्या. पुलापर्यंत त्या गप्पा मारत जायच्या, पुलापुढे एकामागे एक, गप्प. माझी दहावीत होती. सकाळी दप्तर मागे लावून निघाली की मी अंगणवाडीच्या दारात उभी राहून बघायची. मला त्या चार महिन्यांत फार बरं वाटत होतं. आपण काहीतरी केलं, हे सुख मला आधी माहीत नव्हतं.

आता यापुढचं सांगायला मला जड जातं.

आमच्याकडे हलकं, म्हणजे लवकर पिकणारं धान दिवाळीच्या आसपास निघतं. पूर्वी कापून, भाऱ्यांचे ढीग म्हणजे पुंजणे रचून, सवडीने चुरत, मळणी करत. पुंजण्यातच धान सुकायचं. आता हार्वेस्टर येतो, तासाभरात वावर साफ करतो आणि ओलं धान ट्रॉलीत ओतून निघून जातो. ओलं धान खरेदी केंद्रावर घेत नाहीत. म्हणून सगळा जिल्हा डांबरी रस्त्याच्या कडेला धान पसरतो, भोवती दगड लावतो, आणि गाड्या ते दगड चुकवत जातात. दर वर्षीचं आहे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं.

पण त्या वर्षी गावाला दिसलं की आपल्याकडे टिप्पर न येणारी, स्वच्छ, उन्हात तापणारी काँक्रीटची लांबलचक जागा आहे. मला हे आधीच ओळखता आलं असतं. मी धानाच्याच घरातली. ग्रामसभेत मी उभी राहून सांगितलं की पोरींच्या पट्टीवर कुणी एक दाणाही टाकायचा नाही, साहेब पाहणीला येणार आहे. सगळ्यांनी मान डोलावली. शेजारचे काका म्हणाले, "बाई म्हणते थे बराबर आहे." आठ दिवस खरंच कुणी टाकलं नाही.

मग आमचं धान निघालं. शाळेला दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या होत्या. आभाळ भरून आलं होतं. आमचं अंगण लहान, त्यात अर्ध्यावर पंचायतीच्या पाइपसाठी खणलेलं. ट्रॉली दारात उभी आणि धान आतून तापू लागलेलं, हात घातला की ऊब लागायची. नवरा म्हणाला, "पट्टीवर टाकू का?"

मी नाही म्हणायला हवं होतं.

"सुट्ट्या आहेत," मी म्हटलं. "दोन दिवस. शाळा उघडायच्या आधी उचलू."

त्याने माझ्याकडे जरा बघितलं. तोच म्हणाला, "तूच सभेत बोललीस." मी म्हटलं, पोरीच नाहीत तर कुणाला अडचण? आणि खराटा घेऊन मीच पट्टी झाडली. ताडपत्री मीच अंथरली. ताडपत्रीच्या कडांवर ठेवायला दगड मीच वेचले.

संध्याकाळपर्यंत शेजारच्या काकांचं धान आमच्या शेजारी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी पुलापर्यंत पिवळी. मी ओरडत फिरले. एका म्हाताऱ्या आजीने मला शांतपणे विचारलं, "काहून वो बाई, तुह्या धानाले ऊन लागते अन् आमच्या धानाले नाही लागत का?" तिच्या आवाजात खोच नव्हती, तिला खरोखरच कळत नव्हतं. मी आमचं धान दोन दिवसांत उचललं, बोलल्याप्रमाणे. बाकीच्यांचं उचललं गेलं नाही. पाऊस मध्येच शिंपडून जात होता, कुणाचं निघायचं होतं, कुणाचं पुन्हा भिजलं. शाळा उघडली त्या दिवशी चार पोरी पुन्हा डांबरावर, ठोकळ्यांच्या बाहेर. आता तर डांबराच्या कडेवरून खाली उतरायलाही जागा नाही, कारण कडेला माझेच ठोकळे.

मी नवऱ्याला म्हटलं, आपल्या पोरीला आज तू सोड. त्याने सोडलं.

साहेब त्याच दिवशी आला. मोटारसायकल पुलाजवळ लावून तो पट्टीच्या टोकाला उभा राहिला. मी पोचले तेव्हा तो फोटो काढत होता. धानाच्या पट्टीवर एक बाई पायाने धान फिरवत होती. ती फोटोसाठी थांबली आणि हसलीसुद्धा.

"मॅडम, तुम्ही सायकलची पट्टी मागितली होती की खळं?"

मी म्हटलं, साहेब, चार दिवसांचं आहे, चार महिने पोरी रोज गेल्या आहेत, शाळेत विचारा. तो म्हणाला, "मी शाळेत विचारायला नाही, मोका बघायला आलो. मोक्यावर हे आहे." मग थोडा नरम होऊन म्हणाला, "वर मी काय दाखवू?" तो वाईट माणूस नव्हता. तेवढ्यात शेजारचे काका आले आणि माझी बाजू घ्यायला म्हणून म्हणाले, "साहेब, बाईचा दोष नाही. उलट चांगलीच पट्टी झाली. पह्यले बाईनंच टाकलं, मंग आमाले समजलं का इथं टाकता येते."

साहेबाने मोबाइल खिशात ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही, ते बरंच झालं.

दुसरा टप्पा रद्द झाल्याचं पत्र थंडी संपताना आलं. गावकरी सदर बांधकामाचा वापर अन्य कारणासाठी करीत असल्याने पुढील काम प्रस्तावित नाही. पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. नवऱ्याला वाचून दाखवलं. मला वाटलं तो ओरडेल. तो म्हणाला, "धान तं सुकलं ना," आणि बाहेर गेला. टोमणा होता की समजूत, मला आजतागायत कळलेलं नाही.

गावाने मला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

पोरगी दहावी चांगल्या गुणांनी पास झाली. पेढे वाटले. त्याच संध्याकाळी नवरा अंगणात खाटेवर बसून म्हणाला, "बोललो होतो. रस्ता नाही झाला." पोरगी आतल्या खोलीत होती, भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. ती बाहेर आली नाही. दोन दिवसांनी मी तिला तिची पुस्तकं दुसऱ्या एका पोरीला देण्यासाठी बांधताना बघितलं. सुतळीची गाठ ती फार नीट मारत होती.

मी त्याला म्हटलं, "अकरावीला ती करडीलाच जाईल. मी सोबत जाते."

"सायकलवर? तू?"

"हो."

"अन् अंगणवाडी?"

"सोडून येते, मग उघडते. पुन्हा संध्याकाळी आणायला जाते."

"किती दिवस जाशील?"

"अर्ज मंजूर होईपर्यंत." मी नवा अर्ज टाकला होता. पोच होती. तो हसला नाही. तो म्हणाला, "थ्या वळणावर पायी उतरजा." म्हणजे त्याने होकार दिला, असं मी समजले.

वयाच्या बेचाळीसाव्या वर्षी रोज चार फेऱ्या. गुडघे बोलतात. अंगणवाडीत लेकरांच्या रांगेत बसल्याबसल्या माझा डोळा लागतो आणि मदतनीस मला कोपराने ढोसते. गावातले लोक मला जाता-येता पाहतात आणि आता 'बाईले काही काम नाही' म्हणत नाहीत. अर्जाचं अजून काही झालेलं नाही. यंदा पुन्हा पट्टीवर धान आहे. मी बोलत नाही. कोणत्या तोंडाने बोलू?

पुलापर्यंत धानाच्या बाहेरून, पुढे डांबरावरून, आम्ही दोघी जातो. पोरगी चांगली चालवते, मी मागे रेंगाळते. परवा ती थांबून म्हणाली, "आई, तू काहून मागं राहतेस? तू समोर हो ना. मले सारखं वळून पाहा लागते तू आहेस का नाही म्हणून."

"नाही. तूच समोर चाल," मी म्हटलं. "वळून पाहू नको."

तिला मी कारण सांगितलं नाही. टिप्पर मागून येतात. आला तर त्याला आधी मी लागेन.