गाडीला बसवलेले कान

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि तिचं कॉम्प्युटरदुरुस्तीचं, या दोहोंमध्ये एकच भिंत आहे, तीही प्लायवूडची. त्यामुळे ती फोनवर कुणाशी काय बोलते, कुठल्या गिऱ्हाइकावर वैतागते, काम जमलं की काय गुणगुणते, हे सगळं मला बसल्या जागी कळतं. तिला सगळे चिमटी म्हणतात. लहानपणी ती अगदीच काटकुळी होती म्हणून थोरल्या भावाने हे नाव ठेवलं. पुढे ती हातात बारीक चिमटा धरून सर्किटं दुरुस्त करायला लागली आणि नाव कायमचं चिकटलं. आता पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी गिऱ्हाइकं ‘चिमटीताई’च म्हणतात.

तिचा हा थोरला भाऊ, दादा, शाळेची व्हॅन चालवायचा. एकोणीस वर्षं एकच शाळा, एकच रस्ता आणि दरवर्षी चौदा-पंधरा पोरं. गाडीला कधी ओरखडा नाही. पोरांचे आईबाप त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकायचे. आणि खरं तर चिमटीही टाकायची, त्या मंगळवारपर्यंत.

त्या मंगळवारी दुपारी ती त्याच्या शेजारी बसून सुट्या भागांच्या बाजारातून परत येत होती. व्हॅन रिकामी होती. मागून अँब्युलन्स आली. भोंगा असा किंचाळत होता की फुटपाथवरची माणसं वळून बघत होती. आजूबाजूच्या गाड्या बाजूला झाल्या. दादा मात्र रस्त्याच्या मधोमध, तिला नवीन टायरांबद्दल सांगत होता.

“दादा!” ती म्हणाली. तो बोलतच राहिला. तिने त्याच्या दंडाला हात लावला तेव्हा तो दचकला, आरशात बघितलं आणि झटक्यात गाडी कडेला घेतली. अँब्युलन्स निघून गेली.

“मी जागाच बघत होतो,” तो म्हणाला.

घरी जाईपर्यंत एकेक गोष्ट चिमटीला आठवायला लागली. त्याच्या घरी टीव्ही केवढ्यांदा लावलेला असतो. आपण बोलताना तो आपल्या ओठांकडे बघतो. फोन आला की वहिनीच्या हातात देतो, म्हणतो, “तूच बोल गं, माझे हात खराब आहेत.”

दोन दिवसांनी ती मुद्दाम त्याच्या घरी गेली. दादा खिडकीपाशी पेपर वाचत होता. ती त्याच्या मागे उभी राहिली आणि स्टीलचं ताट फरशीवर सोडून दिलं. स्वयंपाकघरातून वहिनी धावत आली. दादाने पेपरचं पान उलटलं.

वहिनीने तिला आत ओढलं.

“कधीपासून?” चिमटीने विचारलं.

“दोन वर्षं झाली असतील. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय मला.” वहिनीने पदराने कपाळ पुसलं. “रोज सकाळी गाडी घेऊन गेले की परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.”

“मग डॉक्टरकडे?”

“विषय काढला की दोन दिवस जेवत नाहीत.”

आता खरं म्हणजे चिमटीने बाहेर जाऊन भावाला सरळ विचारायला हवं होतं. पण मी तिला वीस वर्षं ओळखतो. माणसाशी जे बोलायचं, ते ती यंत्राशी बोलते. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून करवतीचा आवाज यायला लागला.

तिने ठरवलं होतं की गाडीलाच कान लावायचे. व्हॅनच्या चार कोपऱ्यांवर चार माइक, ते सगळे एका लहानशा कॉम्प्युटरला जोडलेले, आणि स्टिअरिंगशेजारी एक पडदा. पडद्यावर वरून दिसणारी व्हॅन. भोंगा किंवा हॉर्न ज्या बाजूने येईल तो कोपरा लाल होणार, आणि ड्रायव्हरच्या सीटखाली बसवलेली छोटी मोटर थरथरणार. कॉम्प्युटर ठेवायला एका जुन्या अँप्लिफायरचा अल्युमिनियमचा डबा तिने कापून घेतला, कारण तो उष्णता बाहेर टाकतो. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क गाडीच्या हादऱ्यांनी खराब होईल म्हणून बिनतबकडीची घेतली. माइकवर वाऱ्याचा घोंघाट येऊ नये म्हणून जुन्या टोपीची लोकर चिकटवली. आठवडाभर दुकानातून अँब्युलन्स, फायरब्रिगेड आणि ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. तिने ते रस्त्यावर जाऊन रेकॉर्ड केले होते आणि कॉम्प्युटरला ओळखायला शिकवत होती. माझ्याकडे घड्याळ घेऊन आलेली एक बाई घाबरून बाहेर बघून आली.

“दादाला काय सांगितलंस?” मी विचारलं.

“नकाशा आणि मागचा कॅमेरा बसवतेय म्हणून.”

“आणि हे सगळं झाल्यावर?”

“झाल्यावर बघू,” ती म्हणाली, पण चिमटा हातात तसाच धरून बराच वेळ बसली.

रविवारी सकाळी गल्लीत व्हॅन उभी करून तिने कामाला हात घातला. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावला, इंजिनमागच्या पत्र्यातून वायर आत घेताना भोकाला रबराची कडी बसवली, म्हणजे पत्र्याची धार वायर कापणार नाही. दुसरी वायर गाडीच्या अंगालाच जोडायची होती, म्हणून सीटखालचा रंग खरवडून लखलखीत पत्रा काढला. दादा बाजूला स्टुलावर बसून चहा पीत बघत होता. मी विजेरी धरून उभा होतो.

सगळं जोडून झालं. पडदा लागला. दादाने चावी फिरवली, इंजिन खरखरलं आणि पडदा काळा. परत सुरू केलं, परत काळा. चिमटीचा चेहरा पडला. चावी फिरवली की क्षणभर बॅटरीचा सगळा जोर इंजिन ओढून घेतं, तेवढ्यात कॉम्प्युटर उपाशी पडत होता. तो धक्का सोसणारं पॉवरचं सर्किट शोधून बसवण्यात आणखी दोन रविवार गेले. शिवाय दादाने स्वतःचा हॉर्न वाजवला की चारही कोपरे लाल व्हायचे. शेवटी हॉर्नच्या बटणापासून एक वायर आणून कॉम्प्युटरला समजावलं की बाबा रे, हा आपलाच.

मग चाचणी. दादा व्हॅन चालवणार, चिमटी शेजारी, आणि मी माझ्या स्कूटरवर मागून, डावीकडून, उजवीकडून हॉर्न वाजवत जाणार. या वयात मी भर रस्त्यात इतका उद्धटपणा कधी केला नव्हता. एक मोटारवाला काच खाली करून मला म्हणाला, “काका, डोकं फिरलंय का?” मी मान हलवली आणि परत हॉर्न वाजवला.

आत काय झालं ते चिमटीने नंतर सांगितलं. डावा कोपरा लाल झाला, दादाने डावीकडे बघितलं, मी दिसलो. मागचा लाल झाला, त्याने आरशात बघितलं, मी दिसलो. चौथ्या वेळी त्याने गाडी कडेला घेतली.

“हा कसला नकाशा गं?”

तिने पडद्याची वायर उगाच नीट केली.

“हे माझ्यासाठी केलंस?”

“गाडीसाठी केलंय.”

“गाडीला कान कशाला लागतात?” दादा म्हणाला, आणि मग हसला. दोन वर्षांत तिने त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. त्याने पडद्यावरून अंगठा फिरवला. “चिमटे, तू मला वाचवलंस बघ. आता कुणाला काही सांगायची गरजच नाही.”

आपण काय करून बसलो, हे तिला तिथे त्या सीटवर बसल्या बसल्या कळलं. भावाला आणखी काही वर्षं लपता येईल अशी सोय तिने स्वतःच्या हाताने करून दिली होती, आणि मागे बसणार होती चौदा पोरं.

सोमवारी सकाळी ती त्याच्या गाडीत जाऊन बसली. “मशीन नीट चालतंय का बघायचंय,” म्हणाली. दादाने पोरांना ओळख करून दिली, “ही माझी बहीण, इंजिनिअर आहे.” ती इंजिनिअर नाही, पण त्याच्या आवाजात इतका अभिमान होता की तिने ते खोडलं नाही.

मशीन उत्तम चालत होतं. मागून बस आली, कोपरा लाल झाला. बाजूने मोटारसायकल आली, लाल झाला. चिमटी पडद्याकडे बघत होती. मग तिच्या लक्षात आलं की दादाही पडद्याकडेच बघतोय. याआधी तो दर चार-पाच सेकंदांनी वरच्या आरशात बघायचा, पोरांवर नजर टाकायचा. बहुतेक कान गेल्यापासून तो डोळ्यांनीच ऐकत होता. आज तो आरशात बघतच नव्हता.

भाजीबाजाराच्या पुढच्या वळणावर मागे एकदम कालवा झाला. “काका, दार! काका, दार उघडलं!” बाजूचं सरकतं दार नीट लागलं नव्हतं. वळण घेताना ते हातभर मागे सरकलं होतं आणि दाराशी बसलेली लहान मुलगी पट्ट्याला लटकल्यासारखी बाहेर झुकली होती. तिच्या शेजारणीने तिचं दप्तर धरून ठेवलं होतं. अकरा-बारा पोरं जिवाच्या आकांताने ओरडत होती. पडद्यावर व्हॅनचे चारही कोपरे शांत, हिरवे. माइक बाहेर होते. आतलं ऐकायला एकही नव्हता.

दादा सरळ पुढे बघत गाडी चालवत होता.

चिमटीने दोन्ही हातांनी त्याचा खांदा धरून हलवला. त्याने तिच्याकडे बघितलं, मग आरशात. त्याने ब्रेक लावला तो मात्र हळू, नेमका, मुलीला हिसका बसणार नाही असा. एकोणीस वर्षांची सवय तेवढी कामाला आली. गाडी थांबली. चिमटी उतरून मागे धावली. मुलीला काही लागलं नव्हतं. ती रडतही नव्हती, फक्त पट्टा सोडत नव्हती.

उरलेला रस्ता दादाने पायी चालल्यासारखी गाडी नेली. पोरं शाळेच्या फाटकातून आत गेली. तो इंजिन बंद करून तसाच बसला. त्याचे हात स्टिअरिंगवरच होते.

“आत पण दोन माइक बसवते,” चिमटी घाईघाईने म्हणाली. “दार उघडं राहिलं की पडद्यावर दिसेल असा स्विच लावते. दोन दिवसांचं काम आहे, दादा. फार तर तीन.”

त्याने तिच्या ओठांकडे बघितलं. सगळं कळलं त्याला.

“नको,” तो म्हणाला.

“अरे, होईल ते...”

“चिमटे, पोरं ओरडत होती ना? किती वेळ?”

तिला खोटं बोलता आलं असतं. “मी तुला हलवेपर्यंत,” ती म्हणाली.

दादा उतरला आणि शाळेच्या ऑफिसकडे चालायला लागला. ती मागोमाग गेली. मुख्याध्यापिकाबाईंना त्याने उभ्यानेच सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “किती दिवसांपासून?” तो म्हणाला, “दोन वर्षं.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

सोपं नव्हतंच ते. संध्याकाळी आईबापांचे फोन आले. एक वडील घरी येऊन दारात उभे राहून ओरडले. दाराशी बसलेल्या त्या मुलीची आई ओरडली नाही, नुसतं म्हणाली, “तुमच्यावर एवढा भरवसा होता हो.” दादाने दोघांचंही ऐकून घेतलं. जेवढं ऐकू आलं तेवढं कानांनी, उरलेलं चेहऱ्यावरून. वहिनी म्हणते, त्या दिवशी तो पोटभर जेवला आणि आडवा पडल्या पडल्या झोपला. झोप लागली नाही ती चिमटीला.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे ती त्याच्याबरोबर गेली. काचेच्या खोलीत त्याला बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. पहिल्या काही मिनिटांतच डॉक्टरीणबाई उठल्या आणि त्याची खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. कारण तो त्यांच्या हाताकडे बघून बटण दाबत होता. “सवय हो,” तो ओशाळून म्हणाला. मग किती ऐकू येतं ते दाखवणारी कागदावरची रेघ खाली घसरत गेली आणि काचेबाहेर चिमटी स्वतःची बोटं मोडत उभी राहिली. दोन्ही कानांना यंत्रं लागतील, त्यांनी सांगितलं. मालाची गाडी चालवायला हरकत नाही. पोरांच्या गाडीसाठी मात्र त्या सही करणार नाहीत.

“मी मागणारही नाही,” दादा म्हणाला.

आता तो एका रोपवाटिकेची गाडी चालवतो. मागे कुंड्या आणि झाडं असतात. तीच व्हॅन आहे, सीटं काढलेली. चिमटीने कॉम्प्युटर काढून टाकायला घेतला होता, त्याने काढू दिला नाही. फक्त पडदा खाली, बाजूला सरकवून घेतला, आरशाच्या वाटेत येणार नाही असा. दाराला स्विचही बसला शेवटी.

चिमटीची काळजी काही संपलेली नाही. सकाळी साडेदहाला दादा पहिली फेरी आटोपतो. दहा चाळीसपर्यंत त्याचा फोन आला नाही की भिंतीपलीकडे चिमटा टेबलावर आपटल्याचा आवाज येतो आणि मी हातातलं घड्याळ खाली ठेवतो.

कानातली यंत्रं लावून पहिल्यांदा गाडी चालवली त्या दिवशी तो थेट तिच्या दुकानासमोर येऊन थांबला. चेहरा पांढराफटक.

“गाडी गेली,” म्हणाला. “कसला आवाज येतोय बघ. खुळखुळ, खुळखुळ. सगळं सुटत चाललंय.”

चिमटी खाली वाकून तासभर बघत होती. मीही विजेरी धरली. काहीच सापडलं नाही. पत्रे जुने, बिजागऱ्या ढिल्या, ही गाडी कित्येक वर्षं अशीच वाजत होती.

“अशीच वाजते ती, दादा,” ती म्हणाली.

“एवढी?” तो म्हणाला, आणि परत चावी फिरवून, मान तिरकी करून ऐकत राहिला.