दारावरचा आकडा

दसऱ्याच्या आधीचा सोमवार, सकाळी साडेअकरा. डिपॉझिट दीड लाख रुपये, चेकने. हजर: मॉलचे मॅनेजर, माझी बायको, मी आणि वॉचमन. करारावर साक्षीदाराची सही लागत होती आणि अठ्ठेचाळीस दुकानांच्या त्या मॉलमध्ये पाचवा माणूस नव्हता, म्हणून वॉचमन.

मॉल हायवेवर, आदिलाबादजवळच्या मावला गावाच्या पुढे. मोठ्या कंपन्यांचा माल कमी भावात मिळेल आणि नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या गाड्या इथे थांबतील, अशी मालकाची कल्पना. इमारत झाली, लिफ्ट झाली, कारंजंही झालं. कंपन्या तेवढ्या यायच्या राहिल्या होत्या. मॅनेजरच्या टेबलावर मॉलचा नकाशा होता. भरलेलं दुकान लाल, रिकामं पांढरं. नकाशा फारच स्वच्छ दिसत होता.

"अंकल, फिकर नक्को करो," मॅनेजर म्हणाले. ते हैदराबादचे. "जूतेवाली कंपनी आ रही, कपडेवाली आ रही. पहले लोकल दुकानां दिखाव बोल रहे, बस."

म्हणजे कंपन्या आमच्यासाठी थांबल्या होत्या आणि आम्ही कंपन्यांच्या भरवशावर आलो होतो.

बायकोचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउज पीस, अस्तर, फॉल. अठरा वर्षं ते आदिलाबादच्या बसस्टँडजवळ भाड्याच्या गाळ्यात होतं. गाळामालकाच्या मुलाला मोबाइलचं दुकान टाकायचं होतं, म्हणून सोडावं लागलं. दीड लाख ही तिची त्या अठरा वर्षांतली शिल्लक. मी शाळेत क्लार्क, त्यामुळे करार दोनदा वाचला. अकरावं कलम असं होतं की संक्रांतीपर्यंत निम्मी दुकानं भरली नाहीत तर मालक मॉल बंद करू शकतो, आणि डिपॉझिट सवडीने परत करेल. मी हे वाचत होतो तेव्हा बायको काचेचं दार उघडून-लावून बघत होती.

"सवडीने म्हणजे कधी, कळतं का तुला?"

"कळते. पन आता बसू कुठं, ते सांगा ना तुमी."

मी पेन काढलं. सही केली.

पहिल्या महिन्यात आमच्यासह पाच दुकानं उघडली. बाकीच्या चौघांकडे माशा होत्या. आमच्याकडे बेला गावाकडच्या बायका ऑटो करून येऊ लागल्या, सगळी जुनी गिऱ्हाइकं. आता मॅचिंग घेणारी बाई दुकानातल्या उजेडावर कधी विश्वास ठेवत नाही. साडी एका हातात, पीस दुसऱ्या हातात, आणि उन्हात धरून पाहायचं. बसस्टँडला त्यासाठी एक पायरी उतरली की पुरे होतं. मॉलला खिडकी नव्हती. आतल्या ट्यूबलाइटमध्ये मोरपंखी, हिरवा आणि निळा एकाच घरचे दिसत. मग बायका पीस घेऊन थेट मोठ्या दारातून पार्किंगमध्ये जात, उन्हात पाहत आणि परत येत.

पहिल्या दिवशी वॉचमन आडवा आला. "ओ बाई, बिल दाखवा!"

"बिल कायचं? रंग तर पाहू दे!"

"बाहेर जाऊन?"

"मंग काय तुह्या टॉर्चखाली पाहू?"

तिसऱ्या दिवसापासून वॉचमन स्वतःच 'थोडा गडद पाह्यजे' असं मत देऊ लागला.

अडचण दाराची होती. दारावर आत येणारी माणसं मोजणारं यंत्र होतं, आणि वर लाल दिव्यांत दिवसाचा आकडा दिसे. एका रविवारी तो चारशे बारा झाला. मी बिलबुक पाहिलं. आमच्याकडे चाळीस बायका आल्या होत्या. एकट्या जांभळ्या पिसासाठीच एकीने नऊ फेऱ्या मारल्या होत्या. मॅनेजर रोज संध्याकाळी त्या आकड्याचा फोटो काढून कंपन्यांना पाठवत.

मी त्यांना हिशेब समजावला. "अंकल, मशीन झूट नहीं बोलती," ते म्हणाले. तेही खरंच होतं. मग दुकानात उन्हासारखा उजेड देणारा दिवा लावू, असं मी सुचवलं. ते घाईने म्हणाले, "वो नक्को."

दिवाळीनंतर बातमी आली: जोड्यांच्या कंपनीचा माणूस रविवारी येणार. तो आला तर बाकीचे येणार, आणि तो परत गेला तर संक्रांतीला अकरावं कलम. शनिवारी जेवताना मी बायकोला म्हणालो, "त्याने विचारलं तर मी खरं सांगणार."

"अन् नाई इचारलं तं?"

"तर नाही."

"मंग त्याच्यासमोर येऊच नोका. शाळेत जाऊन बसा."

"उद्या रविवार आहे."

"तुमचा रविवारबी माह्या डिपॉझिटवरच आला!"

कंपनीचा माणूस नागपूरचा, तिशीतला. मॅनेजरनी त्याला आमच्याच दुकानात आणून बसवलं, कारण दाखवण्यासारखं तेवढंच होतं. त्याने चहा घेतला आणि सरळ मलाच विचारलं, "काका, रोज चारशे माणसं येतात खरंच?"

बायको फॉलची घडी घालत होती. ती थांबली.

"दार चारशे वेळा उघडतं," मी म्हणालो. "माणसं चाळीस." आणि उन्हाची सगळी गोष्ट सांगितली. मॅनेजर छताकडे पाहत होते.

तो हसला. मग बायकोकडे वळला. "ताई, त्या चाळिसातल्या घेऊन किती जातात?"

"अडतीस. दोघींच्या साडीचा रंग दुनियेत कुटंच नाई."

"नऊ फेऱ्या मारणारीनं घेतलं?"

"घेतलं नं. दोन मीटर."

"मग ती माझ्याकडे नऊ जोडे घालून पाहील, पण एक घेईल," तो म्हणाला. आमच्या शेजारचं दुकान त्याने पक्कं केलं. फक्त आकडा खरा नाही हे आता ठाऊक असल्यामुळे ठरलेलं भाडं देणार नाही म्हणाला. विक्रीच्या सात टक्के देणार. मॅनेजरना मान्य करावं लागलं. त्याच्या पाठोपाठ कपडेवाले, बॅगवाले आले, सगळे त्याच अटीवर. संक्रांतीला नकाशावर पंचवीस दुकानं लाल होती. डिपॉझिट वाचलं. बायकोने त्या दिवशी मला तिळगूळ देताना 'गोड बोला'च्या पुढे 'अन् कमी बोला' एवढं जोडलं.

टक्केवारीत मॉलचं वीजबिलही निघेना. म्हणून ठरलेलं भाडं देणाऱ्या आम्हा पाच जुन्यांचा देखभाल खर्च हजाराने वाढवला. कारण लेखी दिलं: मॉलमधली वर्दळ वाढली आहे. पुराव्यादाखल दिलेला आकडा दारावरचाच होता.

एक फेब्रुवारीला भाडं चौदा हजार आणि देखभाल अडीच हजार, एकूण साडेसोळा हजार रुपये मी मॅनेजरना दिले आणि पावती घेतली. त्याच दिवशी शेजारच्या दुकानातून आठशे नव्व्याण्णवचे जोडे घेतले. तेव्हा कंपनीने त्या महिन्यात सात टक्क्यांनी मॉलला जे काही दिलं असेल, त्यातले बासष्ट रुपये त्र्याण्णव पैसेही माझेच.