मिस्त्रीणबाई आणि ऑपरेटरच्या दोन डिस्क

मिस्त्रीणबाईंना यंत्रांचा कंटाळा आला होता असं म्हणणं बरोबर नाही. यंत्रांचं काय, ती बिचारी गप्प पडून असतात. बाईंना कंटाळा आला होता तो यंत्रं घेऊन येणाऱ्या माणसांचा. बावीस वर्षं त्या जिन्याखालच्या खोलीत बसून लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत होत्या. एका बाजूला किल्ल्या करून देणारा, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला, आणि मधे या. खोली एवढीशी, की दोन गिऱ्हाईकं आत आली तर तिसऱ्यानं रस्त्यावरूनच रडगाणं गायचं. आणि रडगाणं तरी काय, बावीस वर्षं एकच: "बाई, मी काहीच केलं नाही हो, आपोआप झालं." आपोआप बिघडलेलं यंत्र बाईंनी अजून पाहिलेलं नव्हतं. पण तसं बोलून दाखवायचाही आता त्यांना उबग आला होता. "बरं, ठेवा तिथं," एवढंच म्हणायच्या.

'मिस्त्रीण' हे नाव किल्लीवाल्यानं पाडलं, पहिल्याच वर्षी, चिडवायला. बाई चिडल्या नाहीत, म्हणून ते चिकटलं. आता पन्नाशीला टेकल्या होत्या. मान धरायची, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढायचा, बारीक स्क्रू बोटांतून निसटून टेबलाखाली जायचे आणि वाकून शोधायचं जिवावर यायचं. संध्याकाळी घरी गेल्या की निवृत्त नवरा पेपरातून डोकं वर काढून विचारायचा, "काय, आज किती वाचले?"

"मी सोडून सगळे," बाई म्हणायच्या आणि चपला काढायच्या.

तर अशा या बाईंना एका शुक्रवारी ऑपरेटरचा फोन आला. ऑपरेटर जन्मापासून आंधळे. एका मोठ्या दवाखान्याच्या टेलिफोनवर त्यांनी सव्वीस वर्षं काढली, म्हणून ऑपरेटर. पुढं टेलिफोनचं ते खातंच बंद झालं आणि दवाखान्यानं त्यांना घरबसल्या टायपिंग दिलं. डॉक्टर लोक पेशंटबद्दलचं पत्र तोंडातल्या तोंडात पुटपुटून रेकॉर्ड करतात, ऑपरेटरनी ते ऐकायचं आणि टाइप करायचं. स्क्रीनवरचं सगळं कॉम्प्युटर त्यांना वाचून दाखवी, इतक्या भरभर की दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षर कळत नसे. हे सगळं लिनक्सवर चालायचं. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी व्यवस्था, फक्त निराळी. नऊ वर्षांपूर्वी ती बाईंनीच बसवून दिली होती, आणि ऑपरेटरचा सगळा संसार त्यातच होता.

"बाई, दवाखान्यानं नवीन फतवा काढलाय," ऑपरेटर म्हणाले. "सोमवारपासून त्यांच्याच प्रोग्राममध्ये टायपिंग. आणि तो चालतो फक्त विंडोजवर. सकाळी नऊच्या आत त्यात हजेरी लागली पाहिजे. तीनदा चुकली की काम दुसऱ्याला."

"मग लिनक्स काढून विंडोज टाकू?"

"छे छे. माझं घर मोडू नका. शेजारी ऑफिसची एक खोली बांधून द्या." जरा थांबून म्हणाले, "आणि एक अट आहे. सकाळी कुठलं उघडायचं ते माझं मला जमलं पाहिजे. वहिनीला हाक मारायची नाही."

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ सात वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून घरात हे दीर-भावजय दोघंच. वहिनी एकसष्ट वर्षांच्या, गुडघे कुरकुरणारे. पण त्या स्वतः कधी कुरकुरल्या नाहीत, आणि ऑपरेटरना नेमकं तेच लागायचं. कॉम्प्युटर मुका झाला की हे आतून "वहिनी" म्हणायचे आणि त्या हातातलं टाकून यायच्या, चष्मा लावायच्या, स्क्रीनवरचं इंग्रजी एकेक अक्षर करत वाचायच्या. एकदा तरी "आता नाही जमणार" म्हणाल्या असत्या, तर माणसाला पुन्हा हाक मारायला तोंड राहिलं असतं.

शनिवारी दुपारी बाई एक नवी डिस्क घेऊन त्यांच्याकडे गेल्या. कॉम्प्युटरची पेटी उघडली आणि सगळ्यात आधी जुन्या डिस्कची वायर काढून ठेवली. जिला धक्का लागू द्यायचा नाही ती डिस्क आधी सोडवायची, ही त्यांची पहिल्यापासूनची रीत. विंडोज एकदा बसायला लागलं की ते शेजारच्या डिस्कवरही पाय पसरतं, त्यापेक्षा त्याला शेजार दिसूच नये. नव्या डिस्कवर विंडोज बसलं, ते बोलायलाही लागलं, मग बाईंनी जुनी डिस्क जोडली.

आता अडचण एकच. दोन डिस्क असल्या की चालू होताना कॉम्प्युटर स्क्रीनवर एक यादी दाखवतो: वर लिनक्स, मधे लिनक्सचीच एक जादा ओळ, खाली विंडोज, बोला काय पाहिजे. आणि त्या वेळी बोलणारा प्रोग्राम अजून जागाच झालेला नसतो. यादी मुकी. बाईंनी त्यावर तोड काढली. आत वाटाण्याएवढा स्पीकर बसवला आणि यादी आली की 'पीं' वाजेल असं केलं.

"पीं वाजलं की नुसतं एन्टर, म्हणजे तुमचं लिनक्स. पीं वाजून खालचा बाण दोनदा आणि मग एन्टर, म्हणजे ऑफिस."

ऑपरेटरनी दहा वेळा करून पाहिलं. बाई मागं उभ्या राहून स्क्रीनकडे बघत होत्या. दहाही वेळा बरोबर.

आता खरं सांगायचं तर बाईंना माहीत होतं की ही यादी काही दगडावरची रेघ नव्हे. लिनक्स स्वतःला अधूनमधून ताजं करतं, तेव्हा मधेच एखादी नवी ओळ येऊ शकते आणि मोजणी चुकते. दुसरा, पक्का उपायही डोक्यात येऊन गेला होता. पण त्याला वायरींना डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न लागणार, वायरी कापाव्या लागणार. चार वाजत आले होते, मान दगड झाली होती आणि दुकानाबाहेर तीन जण ताटकळत असल्याचे किल्लीवाल्याचे फोन येत होते. बाईंनी पेटीचे स्क्रू आवळले. सरळ शब्दांत, बाईंनी पाट्या टाकल्या.

बारा दिवस सुरळीत गेले. तेराव्या दिवशी, गुरुवारी, नऊ वाजून दहा मिनिटांनी वहिनींचा फोन आला.

"बाई, भाऊजींचं मशीन बोलत नाहीये."

"स्क्रीनवर काय दिसतंय?"

"निळं आहे सगळं. आणि आकडे पळतायत."

"काय लिहिलंय वर? वाचा बघू."

"एम," वहिनी म्हणाल्या. "ई. मग परत एम. थांबा, चष्मा पुसते."

बाईंना पुढचं वाचून घ्यायची गरजच उरली नाही. आदल्या दिवशी लिनक्सनं स्वतःला ताजं केलं होतं आणि विंडोजच्या वर एक नवी ओळ घुसली होती, मेमरी तपासण्याची. दोनदा बाण दाबला की आता ती तपासणी सुरू व्हायची. तिला आवाज नाही, बोलणं नाही, तासन्‌तास ती आपली आकडे मोजत बसते.

"भाऊजींना द्या फोन," बाई म्हणाल्या. "ऑपरेटरसाहेब, बंद करून परत लावा. बाण तीनदा दाबा."

तीनदा दाबल्यावर विंडोज उघडलं. हजेरी मात्र चुकली होती. तीनातली एक गेली.

"बाई," ऑपरेटर म्हणाले, "आता तीनदा. पुढच्या खेपेला किती, ते मला कसं कळणार?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तसं रागावून नाही विचारत. पावणेनऊपासून मी चारदा बंद-चालू केलं. वाटलं, आता बोलेल, मग बोलेल. नऊ वाजले तेव्हा हाक मारली. वहिनी आंघोळ करत होती. तशीच आली, ओल्या पायांनी. दारात घसरली. पडली नाही, पण घसरली. मला आवाज आला."

त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बाईंना हलकं वाटलं असतं. "रविवारी येते," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्या दुपारी बाईंनी दुकानाचं शटर निम्मं ओढलं आणि एका दुरुस्त झालेल्या कॉम्प्युटरपुढं स्टुलावर बसून डोळे मिटले. बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. आता यादी आली असेल का? की अजून नाही? तीन-चार सेकंदांतच त्यांचे डोळे आपोआप उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. बघितल्याशिवाय राहवेचना. नऊ वर्षं या माणसाचं यंत्र त्या सांभाळत होत्या, पण एकदाही त्याच्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या नव्हत्या. दहाच्या दहा वेळा बरोबर, असं त्या शनिवारी कोण म्हणालं? जिला दिसतं ती. बाईंना स्वतःची लाज वाटली, आणि थकवा इतका होता की ती लाज झटकायचंही बळ राहिलं नव्हतं. झेरॉक्सवाल्यानं शटरखालून वाकून विचारलं, "बाई, बरं नाही का?" तेव्हा त्या उठल्या.

रविवारी सकाळी त्या ऑपरेटरच्या घरी सोल्डरिंग आयर्न, वायरी आणि एक खटका घेऊन गेल्या. खटका साधाच, बोटभर दांडीचा, वर किंवा खाली असणारा. पेटीच्या तोंडावर पूर्वी सीडीचा खण होता, तिथल्या झाकणाला भोक पाडून त्यांनी तो बसवला. दोन्ही डिस्कना वीज त्या खटक्यातूनच जाईल असं केलं. दांडी वर असली की विंडोजच्या डिस्कला वीज नाही, खाली असली की लिनक्सच्या डिस्कला नाही. एका वेळी एकच डिस्क जिवंत. लिनक्स बसवलं तेव्हा दुसरी डिस्कच नव्हती, आणि विंडोज जुन्या डिस्कची वायर काढून बसवलेलं होतं, त्यामुळं कुणाचं कुणावाचून अडत नव्हतं. यादी गेली. पीं गेलं. मोजणी गेली.

"वर तुमचं घर, खाली ऑफिस," बाई म्हणाल्या. "फक्त मशीन पूर्ण बंद असतानाच दांडी हलवायची."

ऑपरेटरनी दांडीवर बोट ठेवलं. वर केली, खाली केली. पुन्हा वर केली.

"उठा आता जरा. मला बसू द्या तिथं. आज डोळे मिटून तपासणार आहे."

"झोप लागू देऊ नका म्हणजे झालं," ऑपरेटर म्हणाले.

बाई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. मग ऑपरेटरनी दांडी हलवायची, कुठं आहे ते सांगायचं नाही, बाईंनी डोळे मिटून बोटानं चाचपायचं, आधी उत्तर द्यायचं आणि मग मशीन लावायचं, असं त्यांनी वीस वेळा केलं. पहिल्या दोन-तीनदा बाईंचे डोळे किलकिले झाले. नंतर नाही झाले. बोटाला कळत होतं, आणि थोड्या वेळानं यंत्र स्वतःच बोलून सांगत होतं की मी कोण. विसाव्या वेळेपर्यंत दोन तास गेले. वहिनी मधून दारात येऊन बघून जात होत्या.

सोमवारी बाईंनी साडेआठलाच दुकान उघडलं आणि फोन समोर ठेवला. फोन वाजत होताच. एकीच्या लॅपटॉपवर दूध सांडलं होतं, म्हणजे सांडलं नव्हतं, आपोआप ओला झाला होता. एकाला पासवर्ड आठवत नव्हता आणि तो बाईंना आठवावा अशी त्याची अपेक्षा होती. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. ऑपरेटरचा फोन नाही. यंत्र चालू झालं हे सांगायला कुणी फोन करत नाही, बावीस वर्षांत एकानंही केला नव्हता. तरी बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. एक हजेरी आधीच गेलीय, आज दुसरी गेली असली तर? आणि आज त्यांनी हाकही मारली नसली तर? अकरा वाजता त्यांनी शटर ओढलं आणि चालत निघाल्या.

वहिनींनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. त्याच्यामागून कीबोर्डचा आवाज येत होता, न थांबता.

"लागली हजेरी?" बाईंनी हळू विचारलं.

"नवाला पाच कमी होते. आतूनच ओरडून सांगितलं त्यांनी, 'वहिनी, लागली.' दारसुद्धा उघडलं नाही."

"आणि तुम्हाला हाक?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "मी आठपासून स्वयंपाकघरात उभी होते. म्हटलं, हाक येईल, मग जायला उशीर नको. आंघोळही नाही केली. सव्वाआठ झाले, साडेआठ झाले, मग ते लागली म्हणाले, मग आतून टाइप करायचा आवाज यायला लागला. तरी मी आपली उभीच." त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे हात केला. "हे गेल्यापासून सकाळच्या वेळी मी त्या खुर्चीवर कधी टेकले नव्हते, बाई. हाक आली तर उठायला वेळ लागतो ना मला, म्हणून बसायचंच नाही. सात वर्षं. त्यांना कधी कळू दिलं नाही. आज बसले, आणि बसल्यावर नुसतं रडूच आलं."

बाईंच्या पर्समध्ये फोन थरथरायला लागला. त्यांनी तो काढला, कुणाचा आहे ते न बघता बंद केला आणि परत आत टाकला.

वहिनींनी दुसरी खुर्ची ओढून खिडकीशी आणली. "बसा," म्हणाल्या.

बाई बसल्या.