येशूबाचा नारळ

हे मी कोणालाच सांगितलेले नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा मी या गोष्टीला वळसा घालून जातो — जणू देवाला आमच्या ठाणे गावची माहितीच नाही! तुम्हांला सांगतो. मी माणूस बोलका, शाळामास्तर. जन्म फळ्यापुढे गेला, शब्दांची मला कधी वानवा पडली नाही. या एकाच बाबतीत पडली.

म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीचे ते दिवस. एका बाजूला वकील, दुसऱ्या बाजूला मिठागरांचा मक्तेदार. आमची ख्रिस्ती मंडळी मूठभर. मताचा हक्क असलेली माणसे, माझ्यासकट, चारच. पण त्या चार मतांवरून लोक देवळात वेगवेगळ्या बाकांवर बसू लागले. एकाच पुस्तकातून गीते गाणारे दाराबाहेर एकमेकांना सलाम करीनात. आजही म्हणतात, निवडणुकीने मंडळी फोडली. ऐकायला बरे वाटते, नाही? निवडणुकीला कोणी जाब विचारत नाही.

मी वकिलाचा. आमची चारही मते तुमचीच, असे त्याला लोकांदेखत छातीठोकपणे सांगून बसलो होतो. आणि येशूबा — मिठागरावरचा मुकादम, माझ्यापाशी अक्षरे शिकून बाप्तिस्मा घेतलेला, माझ्या मुलीला खांद्यावर बसवून खाडी दाखवणारा — हसत म्हणाला, "मास्तर, दुस्कालान मक्तेदाराचे हिरीव पानी भरला आमी. त्याला कसा सोरू?" मला राग आला. उत्तर चोख होते म्हणून जास्तच आला. उरलेले दोघे तर येशूबाकडे बघूनच मत देणार होते.

आमच्यात प्रभुभोजनाआधीच्या शनिवारी वडीलमंडळी (मीही त्यांतलाच) बसते आणि ज्याचे वर्तन नीट त्याच्या हातावर पितळेचा छोटा बिल्ला ठेवते. रविवारी तो दाखवल्यावाचून भाकर आणि प्याला मिळत नाही. त्या शनिवारी तक्रार आली — मक्तेदाराने मिठागरावर पूजा घातली, तीत येशूबाने नारळ फोडला. म्हणजे मूर्तिपूजा; आमच्यात याहून मोठा दोष नाही. येशूबा मुळीच घाबरला नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "नारल माझे हातान दिलता, मी दुसऱ्याला देला. फोरला नाय. मास्तर बांदाव उभं व्हतं, त्यांना इचारा."

होतो मी बांधावर. दहा पावलांवर. येशूबाने नारळ शेजारच्याच्या हातात दिला, मागे सरला, डोक्याचे फडके काढून मान खाली घालून उभा राहिला — सगळे पाहिले. आता पाळकसाहेब माझ्याकडे बघत होते. माझ्या मनात काय आले सांगू? बिल्ला गेला की येशूबाच्या शब्दाची किंमत गेली. मग ती दोन मते माझी. एवढेच. वर्गात बेरीज करावी इतक्या शांतपणे आले.

मी म्हणालो, "फोडला. मी पाहिले."

फार जड जातेय, असा आवाजही काढला — तसा काढायला तर मला कोणी सांगितले नव्हते ना?

येशूबा भांडेल असे वाटले होते. त्याने डोक्याला फडके गुंडाळले आणि निघून गेला. पाठोपाठ पाच घरे मंडळी सोडून गेली. ती त्याच्या अंगणात प्रार्थना करू लागली, अजून करतात. वकील निवडून आला. मित्रालाही पाठीशी न घालणारा साक्षीदार म्हणून पाळकसाहेबांनी उपदेशात माझे उदाहरण दिले. मी पहिल्या बाकावर ताठ बसून ऐकले.

गेल्या वर्षी येशूबा वारला. मंडळीच्या दफनभूमीत त्याला जागा मिळावी म्हणून त्याची बायको वडीलमंडळीपुढे आली. तेव्हा तरी तोंड उघडायचे होते. उघडले — नियम सर्वांना सारखा, असे म्हणालो. त्याला मिठागराच्या बांधाशी पुरले.

त्याची बायको बाजारात भेटते, सलाम करते. परवा म्हणाली, "ते बोलाचे, मास्तरांव राग धरू नको, उनान त्यांना नीट दिसला नसंल."

मीही सलाम केला आणि भाजी घेऊन घरी आलो. त्या दिवशी ऊन नव्हते. मला स्वच्छ दिसले होते.